फिल्टरांचा डबा मागवण्याआधी

नाशिक,
शनिवार, रात्र

प्रिय दोस्ता,

तुझा फोन आला तेव्हा मी कामात होतो, नीट बोलता आलं नाही. आठ इंची आरशाची डॉब्सोनियन दुर्बीण घेतलीस हे ऐकून फार आनंद झाला. पण बारा फिल्टरांचा, म्हणजे दुर्बिणीला लावायच्या रंगीत काचांचा, तो डबा अजून मागवला नसशील, तर थांब.

तसाच डबा मी घेतला होता. मंगळाच्या ध्रुवटोप्यांपासून गुरूच्या पट्ट्यांपर्यंत सगळं उघडं पडेल, असं विकणारा सांगत होता. वर्षभर वापरून त्यातला एक निळा, ८०ए क्रमांकाचा, तेवढा कामाचा निघाला. गुरूचे पट्टे त्याने थोडे ठसठशीत दिसतात, पण तो फरक कळायला सराव लागतो. चंद्रासाठी तर काहीच नको. गच्चीवरचा दिवा चालू ठेव, डोळे दिपणार नाहीत.

त्याच डब्यात 'सन' लिहिलेली एक काळी काच होती. ती तुझ्याकडे आलीच तर फोडून टाक. नेत्रिकेला, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाला, लावायच्या या काचेवर आरशाने गोळा केलेलं सगळं ऊन एकवटतं. काच तापून तडकली की डोळा गेला, डोळा बाजूला घ्यायलाही वेळ मिळत नाही. सूर्याचा फिल्टर नळीच्या तोंडावर, आरशाच्या आधी, पूर्ण तोंड झाकेल असाच लावायचा, आणि नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीवरही झाकण घालायचं. तुझ्या घरात लहान मुलं आहेत. हे माझं ऐकच.

आता घ्यायचा तो एकच, यूएचसी, म्हणजे 'अल्ट्रा हाय कॉन्ट्रास्ट' फिल्टर. तेजोमेघ म्हणजे अवकाशातला वायूचा ढग. त्यातला वायू ठरावीक रंगांतच प्रकाशतो: आयनीभूत ऑक्सिजनच्या रेषा ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटरवर, हायड्रोजनची बीटा रेषा ४८६.१ वर. यूएचसी तेवढी फट उघडी ठेवतो, बाकीचं बरंचसं अडवतो. त्याने तेजोमेघ उजळत नाही, मागचं आकाश काळं होतं म्हणून तो उठून दिसतो. प्रकाश-प्रदूषणाचे जुने फिल्टर सोडियमच्या पिवळ्या दिव्यांसाठी केलेले. पांढऱ्या एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला, तिथे त्यांचं फारसं चालत नाही. आणि देवयानी दीर्घिका किंवा कृत्तिकांसाठी यूएचसीही नको, कारण ताऱ्यांचा प्रकाशही सगळ्या रंगांतला, तोच मंद होतो. त्यांच्यासाठी गाडी काढून त्र्यंबकच्या पलीकडे अंधारात जायचं.

फिल्टर तुझ्या २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेला लाव. दुर्बिणीचं नाभीय अंतर १२०० मिलिमीटर, भागिले २५, म्हणजे ४८ पट मोठं दिसतं. डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत चारच्या थोडा वर, सुमारे ४.२ मिलिमीटरचा, तो या कामाला चांगला. १० मिलिमीटरच्या नेत्रिकेत तोच झोत पावणेदोनच्या आत येतो आणि फिल्टर लावला की बहुतेक वेळा नुसता काळोख उरतो.

बसवताना घाई करू नकोस. सव्वा इंची नेत्रिकेच्या खालच्या टोकाला आतून आटे असतात. पहिल्यांदा घरी, उजेडात, खाली मऊ कापड घालून बसव. फिल्टर टेकवून आधी उलटा फिरव. 'टक्' झालं की आटा जागेवर आला, मग सुलटा फिरव. लागला की सोड, पिळू नकोस. आटे आडवे गेले तर नेत्रिकाच बिघडते. अडकलाच तर चिमटीत दाबू नकोस, कडी लंबगोल होऊन आणखी घट्ट बसते. कडेला रबरबँड गुंडाळ आणि सगळीकडून सारखा, हलका धरून फिरव.

मात्र बसवायच्याही आधी एक कर. फिल्टर कडेने धरून डोळा आणि नेत्रिका यांच्या मधे आणून-काढून बघ. मागच्या पौषात अंजनेरीच्या पायथ्याशी मी मृगातल्या तेजोमेघावर हेच केलं. फिल्टर आला की दोन्ही पंख लांबवर पसरायचे, काढला की मिटायचे. थंडीने बोटं आखडली होती, तरी कितीतरी वेळ तेच करत राहिलो. नंतर सप्तर्षींमधला घुबड तेजोमेघ. इथे गंगापूर रोडच्या गच्चीवरून तो मला कितीदा सापडला नव्हता. फिल्टर धरला आणि ताऱ्यांमधे एक फिकट, गोल चकती तिथेच होती.

पुढच्या अमावास्येला इकडे ये. माझा यूएचसी तुझ्या दुर्बिणीवर लावून बघू, मग कुठला घ्यायचा ते ठरव. स्वेटर आण, आणि तो डबा रद्द केलास का ते कळव.

तुझाच,
गच्चीवरचा सोबती