विन्याला पत्र: गावात बसून फोनच्या बातम्या

दारव्हा तालुका, जि. यवतमाळ
ऑक्टोबर २०२४

प्रिय विन्या,

‘नोकरी सोडून गावी येऊ का, तुझ्यासारखं लिहून पोट भरते का?’ असं दोन ओळींत विचारतोस अन् पुढे हसरं तोंड चिकटवतोस. एवढ्यात उत्तर मावत नाही बे, म्हणून हे पत्र लिहून राहिलो.

आधी वेळेचं सांगतो. मी राहतो इथं, पण फोनच्या बातम्या लिहायचं काम चालते कॅलिफोर्नियाच्या घड्याळावर. ॲपलचा कार्यक्रम तिथं सकाळी दहाला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहाला. यंदा ९ सप्टेंबरला आयफोन १६ आला आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या घरी महालक्ष्म्यांचं आवाहन. खाली आई अन् काकू करंज्या तळत होत्या, वर मी लॅपटॉप घेऊन बसलेलो. अशी बातमी आधीच निम्मी लिहून ठेवावी लागते. चिप, कॅमेरा, स्क्रीन यांचे परिच्छेद तयार, फक्त भारतातल्या किमतीची जागा रिकामी. ७९,९०० चा आकडा दिसला की भरायचा अन् संपादकाकडे ढकलायचं. पंधरा मिनिटं उशीर झाला तर तीच बातमी कोणी विचारत नाही. काकूनं जिन्यातून विचारलं, ‘कितवा आला रे?’ सोळावा म्हटलं. ‘मंग आमच्या भाज्याही सोळाच,’ म्हणाली अन् गेली.

तुला भीती नेटची असेल. त्याचं जमते. घरात फायबर आहे, शिवाय दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम. लाइन गेली तर इन्व्हर्टरवर राउटर आणि लॅपटॉप चालतात. कूलर बंद ठेवायचा, एवढंच. खरी अडचण वेगळी आहे. रिव्ह्यूसाठी फोन हाती पडतो तो मोठ्या शहरातल्या लोकांच्या. मला मिळतो तो कंपनीचा कागद, तोही ‘अमुक वेळेआधी छापू नका’ या अटीवर. त्याला एम्बार्गो म्हणतात. ती वेळ झाली की देशभर एकाच मिनिटाला तीच बातमी, तीच विशेषणं. तो कागद मराठीत उतरवून देणं म्हणजे माझं काम, असं मीही बरेच दिवस धरून चाललो होतो.

आता तो कागद मी खालून वाचायला लागलोय, अन् त्याला कारण आमचे मोठे काका. २०२१ पासून ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची सरकारी नोंद, शेतकऱ्यानंच मोबाइलवर करायची आहे, हे तुला माहीतच आहे: वावरात उभं राहायचं, फोननं ठिकाण पकडायचं, पिकाचा फोटो काढायचा. काका पऱ्हाटीत उभे, डोक्यावर ऊन, अन् स्क्रीनवर काहीच दिसेना. उपरणं डोक्यावरून घेऊन त्याच्या सावलीत फोन पाहत होते. आता फोनच्या जाहिरातीत ‘४५०० निट्स’ (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) असं ठळक असते ना, तो आकडा बहुतेक वेळा पडद्याच्या लहानशा भागापुरता, काही क्षणांचा असतो. उन्हात अख्खा पडदा किती उजळतो तो आकडा निराळा, बराच कमी, अन् लहान अक्षरात. मी तोच आधी लिहितो.

तसंच तापमानाचं. ॲपल स्वतःच सांगते की आयफोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरा. आपल्याकडे मे महिन्यात ३५ तर सकाळच्या चहालाच होतात, लेका! दुपारी ४५ ला फोन तापतो, पडदा आपोआप मंद होतो, चार्जिंग थांबते. माणसं समजतात फोन खराब निघाला. यावर मी एक लेख लिहिला. संपादकाला आधी तो ‘लोकल’ वाटला, पण उन्हाळ्यात अकोला, चंद्रपूर, नागपूर सगळीकडून वाचला गेला. नव्या फोनच्या किमतीपेक्षा असं लिहिण्यात मला जास्त गोडी आहे, पण पैसे किमतीच्या बातम्यांचेच जास्त येतात, हेही सांगून ठेवतो.

पैशाचं थोडक्यात: दर लेखामागे मिळतात, त्यातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापला जातो, तो रिटर्न भरल्यावर हिशोबात येतो. एका पोर्टलनं उन्हाळ्यातलं बिल पोळ्यानंतर दिलं. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत असल्याशिवाय राजीनामा लिहू नको. आणि एकाच संपादकावर विसंबू नको.

बाकी गावात माझी ओळख ‘मोबाइलवाला’ अशी झाली आहे. कोणाचं स्टोरेज भरलं, कोणाचं पेमेंट अडकलं, सगळे ओट्यावर. वैताग येतो, पण कंपनीचा कागद जे सांगत नाही ते तिथंच कळते.

यायचं ठरवलंस तर आधी सुट्टी टाकून महिनाभर इथून काम करून पाहा, वरची खोली रिकामीच आहे. सध्या सोयाबीन निघालं, कापसाची वेचणी सुरू होईल, वेचायला माणसं मिळत नाहीत. तेव्हा दिवसा वावरात चलावं लागेल. आणि नवा फोन घेतोयस म्हणे, तर जुना विकू नको. उन्हात त्याचा पडदा कसा दिसतो ते गच्चीवर जाऊन पाहा अन् मला कळव. बरा असेल तर काकांसाठी ठेव, पैसे मी देतो.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
गज्या