नरक्याची साल आणि कर्करोगावरील औषध

संपादक महोदय,

सह्याद्रीतील नरक्याच्या अवैध तोडीविषयी बोलताना हे झाड म्हणजे कर्करोगावरचे औषधच असे सांगितले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. मनरो वॉल आणि नंदुरबारमध्ये जन्मलेले मनसुख वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये अमेरिकेत एका चिनी वृक्षातून वेगळे केलेले कॅम्पटोथेसिन हे रसायन नरक्यातही आढळते. पेशी विभागण्यापूर्वी डीएनएचा पीळ सैल करणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ या विकराला ते जागीच अडकवते, त्यामुळे डीएनए तुटतो आणि पेशी मरते. मात्र हे रहस्य १९८५ मध्ये उलगडले, आणि तोवर मूत्राशयातील रक्तस्रावासारख्या दुष्परिणामांमुळे रुग्णांवरील सुरुवातीच्या चाचण्या थांबल्याही होत्या. मूळ रेणूत बदल करून घडवलेल्या टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९६ मध्ये, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी.

सालीच्या काढ्यात ना मात्रेचे मोजमाप असते, ना औषधाची शुद्धता. घरातील रुग्णाला तो देण्याचा विचार करणाऱ्यांनी कृपया आधी कर्करोगतज्ज्ञांना विचारावे. वनविभागानेही केवळ गुन्हे नोंदवण्यावर न थांबता नरक्याच्या रोपवाटिका आणि लागवड वाढवावी, ही विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर