पाहुणे अजून गेलेले नाहीत!

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या अंकातला, हिवाळी पाहुणे पक्षी परत गेल्याचं सांगणारा ‘पाहुणे परतले, किनारे सुने’ हा मजकूर वाचला. सोबत फोटोही छान होता, नुसत्या वाळूचा. सोमवारी सकाळी दुर्बीण घेऊन अलिबागजवळच्या अक्षीला गेलो, तर तुमच्या त्या सुन्या किनाऱ्यावर पाण्याच्या रेषेला लागून पक्ष्यांचे थवेच्या थवे चरत होते. तुमच्या वार्ताहरांनी निरोप समारंभ जरा लवकरच उरकला म्हणायचा.

त्याच मजकुरात फ्लेमिंगोंनाही मार्चअखेर सैबेरियाला धाडलंत. हे दरवर्षीचंच आहे, म्हणून फार बोलत नाही. हे रोहित पक्षी सैबेरियाचे नव्हेत. त्यांची वीण कच्छच्या रणात होते आणि ठाण्याच्या खाडीतले बरेचसे पावसाच्या तोंडावरच हलतात. घाटकोपरला 20 मे 2024 च्या रात्री विमानाच्या धडकेत 35 हून अधिक रोहित मेले, ती बातमी तुम्हीच छापली होती. मार्चमध्ये परतलेले पक्षी मे महिन्यात घाटकोपरला काय करत होते, हे संपादकीय विभागाने एकदा बसून ठरवावं.

पण माझी तक्रार फ्लेमिंगोंची नाही. ते गुलाबी आहेत, त्यांना वाली आहे. त्यांच्यासाठी अभयारण्य झालं, ठाण्याची खाडी 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही गेली. मी लिहितोय ते मूठभर आकाराच्या, वाळूच्या रंगाच्या किनारी पक्ष्यांसाठी. चिखले, तुतवार, टिलवे. त्यांच्याकडे कुणी बघत नाही, आणि बघितलंच तर नोव्हेंबरात. आपला सरकारी पक्षी सप्ताहसुद्धा 5 ते 12 नोव्हेंबर असतो, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. दोघांबद्दल आदरच आहे. पण त्या आठवड्यात शाळेच्या पोरांना किनाऱ्यावर नेलं, तर दिसतात सगळे एकसारखे राखाडी पक्षी. मास्तरही गोंधळतात, पोरं कंटाळून शंख-शिंपले गोळा करायला लागतात.

तेच पक्षी चैत्रात बघा. कर्ल्यू सँडपायपर हा तुतवार हिवाळाभर पांढरा-राखाडी असतो. आता त्याचं पोट विटकरी लाल व्हायला लागलंय, तेही एकदम नाही: छातीवर एक लाल ठिगळ, पोटावर दोन, मधे जुनी पांढरी पिसं तशीच, जणू रंगारी मजुरीवरून भांडून अर्ध्यात काम टाकून गेलाय. सँड प्लोवर या चिखल्याच्या छातीवर नारिंगी पट्टा आलाय आणि डोळ्यांवर काळा मुखवटा. ग्रे प्लोवर तोंडापासून पोटापर्यंत काळा कुळकुळीत होत चाललाय. पुस्तकात ‘विणीचा पिसारा’ म्हणून जे चित्र असतं, ते इथे फुकट बघायला मिळतं, तेही जेमतेम काही आठवडे. आणि नेमक्या याच आठवड्यांत तुम्ही जाहीर करता की बघायला काही उरलेलं नाही.

बरं, हे पक्षी इथे हवा खायला थांबलेले नाहीत. कर्ल्यू सँडपायपर म्हणजे साठेक ग्रॅमचा जीव, त्याला आर्क्टिकच्या काठावरचा सैबेरिया गाठायचाय. (सैबेरिया लिहायचाच असेल तर यांच्या नावापुढे लिहा.) सँड प्लोवरांचा मुक्काम तिबेटच्या पठाराकडे, म्हणजे वाटेत हिमालय. त्यासाठी निघण्याआधी दिवसरात्र, ओहोटी मिळेल तेव्हा, वाळूतले किडे-शिंपले खाऊन अंगावर चरबी चढवायची. भरती चढली की चरायची जागा बुडते. मग उरलेल्या कोरड्या पट्टीवर सगळ्यांनी दाटीवाटीने, एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून गप्प उभं राहायचं, खाल्लेलं अंगी लावायचं. तेवढ्या वेळात कुणी त्यांना उठवू नये, इतकीच त्यांची अपेक्षा.

गेल्या वर्षी हनुमान जयंती शनिवारी आली होती. पुढे रविवार आणि सोमवारी आंबेडकर जयंती, म्हणजे सलग तीन दिवस सुट्टी. पौर्णिमा, त्यामुळे उधाणाची भरती आणि तीही भर दुपारी. पाणी वर चढत होतं, वाळूची एक चिंचोळी पट्टी उरलेली, तिच्यावर चिखले आणि तुतवार खचाखच उभे, मागच्या बाजूला थोडे सुरय हे समुद्रपक्षीही. एवढ्यात एक उघडी जीप सुरूच्या बनातून खाली उतरली आणि सरळ थव्यात घुसली. थवा उठला, पाण्यावरून एक गिरकी घेऊन परत त्याच पट्टीवर बसला, कारण दुसरी जागाच नव्हती. जीप वळली, पुन्हा घुसली. एक जण वर उभा राहून मोबाइलवर चित्रण करत होता, बाकीचे ओरडत होते. असं किती वेळा झालं ते मोजत बसलो नाही. शेवटी जवळ जाऊन म्हटलं, ‘‘बाबांनो, त्यांना लांब जायचंय, उगाच दमवू नका.’’ तर त्यातला एक म्हणाला, ‘‘काका, पक्षीच आहेत ते, उडणारच ना!’’

तर्क बिनतोड होता. मी फोन लावला. कुठे, ते लिहीत नाही. पलीकडून विचारणा झाली, ‘‘कुणाला लागलंय का?’’ म्हटलं, माणसाला नाही. ‘‘मग पक्षी मेलाय का?’’ म्हटलं, मेलेला नाही, पण... पुढचं ऐकायला पलीकडे कुणी नव्हतं.

पुढे जे व्हायचं तेच झालं. ओल्या वाळूत जीपची मागची चाकं रुतली, पाणी दारापर्यंत आलं, आणि ज्यांना काका काय सांगतात ते कळत नव्हतं त्यांना गावकऱ्यांचं ‘लवकर उतरा’ बरोबर कळलं. गावातल्या दोघातिघांनी दोर लावून ट्रॅक्टरने जीप ओढून काढली. दुसऱ्या दिवशी आपल्या वर्तमानपत्रात फोटोसह बातमी: ‘पर्यटकांची थरारक सुटका’. पर्यटकांचं वय आलं, ‘सुदैवाने’ आलं, जीपचं नुकसानही आलं. तासभर ज्यांना हुसकलं त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. पत्र पाठवलं होतं, ते छापलं गेलं नाही. जागा नसेल.

यंदा तर रविवारच्याच पुरवणीत, ‘उन्हाळी भटकंती’च्या पानावर, लाटांचं पाणी उडवत जाणाऱ्या गाडीचा अर्धपानी फोटो आहे आणि खाली कोकणातल्या ‘लांबच लांब, मोकळ्या’ किनाऱ्यांचं कौतुक. म्हणजे पान तीनवर सांगायचं पक्षी गेले आणि पुरवणीत सांगायचं किनारा मोकळा आहे, या. वाचकाने दोन्ही पानं जोडून वाचली तर तो वाळूत गाडी घालणार नाही तर काय करणार?

आणखी एक. यातले काही पक्षी खरोखरच कुठेही जात नाहीत. गेल्या वर्षी जन्मलेली बरीचशी पोरं पहिल्या उन्हाळ्यात विणीला जातच नाहीत, ती आपल्याच किनाऱ्यावर पावसाळा काढतात. तेव्हा ‘सगळे परतले’ हे वाक्य जूनमध्येही जपून वापरावं.

मोठे परततात, हे मात्र खरं, आणि ते बघायचं असेल तर वार्ताहरांना एखाद्या संध्याकाळी पाठवा. थव्यातली किलबिल वाढत जाते, काही जण उठतात, बाकीचे त्यांच्यामागे, आणि दिवसभर गिरकी मारून परत खाली बसणारा थवा या वेळी वळत नाही. उंच चढत जातो, उत्तरेला. त्याचा फोटो नीट येणार नाही, नुसते ठिपके येतील. पण नुसत्या वाळूच्या फोटोपेक्षा बरा.

जाता जाता, या पत्राशी थोडा संबंध आहे म्हणून लिहितो. आपल्या अंकात पूर्वी भरती-ओहोटीच्या वेळा यायच्या, त्या न सांगता बंद झाल्या. आमच्यासारख्यांचं अडत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास साधारण निघतो, इथल्या कोळ्यांच्या पोरांनाही ते येतं. पण शहरातून गाडी घेऊन येणाऱ्याला ना तिथी ठाऊक, ना उधाणाची मोठी भरती, ना भांगाची लहान. त्या दोन ओळी असत्या तर ती जीप निदान रुतली तरी नसती. अर्थात मग तुमची थरारक बातमी गेली असती. जागेचाच प्रश्न असेल, तर राशिभविष्य बारा राशींचं येतं, त्यातली माझी कन्या रास काढलीत तरी चालेल.

आपला,
एक जुना वर्गणीदार, अलिबाग