सोन्याच्या भावाशेजारी भरतीची वेळ पण छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या लागल्यापासून आपल्या पेपरात एक दिवसाआड किनाऱ्यावरच्या गर्दीचे फोटो येतायत, हॉटेलं फुल, रस्ते जाम वगैरे, आणि मध्यंतरी तर कोणीतरी हातभर तांबोशी धरून उभा आहे असा फोटो टाकून खाली हौशी मच्छीमारांची चंगळ म्हणून छापलंत. छापा की, आमची काही हरकत नाही. पण तो फोटो बघून जी पोरं ऑनलाइन रॉड मागवून डायरेक्ट खडकावर चढतात त्यांना त्या दिवशी पाणी किती वाजता भरतंय आणि किती वाजता सुकतंय हे त्या बातमीत कुठेच नव्हतं. सोन्याचा भाव, पेट्रोल, कमाल-किमान तापमान, राशीभविष्य सगळं रोज असतं, मग निदान या दोन महिन्यांत भरती-ओहोटी का नाही?

मी रत्नागिरीचा, नोकरी सांभाळून गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, जाणारा माणूस. भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी, नाहीतर मांडवीकडे, सुट्टी असली की जरा लांब. एप्रिल-मेमधे इथे मासा लागतो हे खरंच आहे. काजळी नदीला या दिवसात वरून गोडं पाणी जवळजवळ येतच नाही, त्यामुळे खारं पाणी खाडीत पार आतपर्यंत चढतं आणि त्याच्या मागोमाग तांबोशी, जिताडा असले मासे आत येतात. पण एप्रिलात पाणी इतकं नितळ असतं की जाड तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) लावली तर मासा आमिषाच्या कोळंबीला विचारत पण नाही, बारीक घ्यावी लागते, आणि बारीक घेतली की केंड येतो आणि कचकन तोडून गरी-शिसं सगळं घेऊन जातो, दात म्हणजे नुसती पक्कड. (नवीन लोकांनो, केंड लागला तर खायच्या भानगडीत पडू नका, विषारी असतो. शिंगाळ्याचा काटा पण सांभाळा.) वाळूवर टाकलीत तर मुडदुशी, तिचं टोचणं एवढं बारीक की तंगूस बोटावर धरून बसलात तरच कळतं, नुसतं टक टक. तांबोशी टोचत बसत नाही, एकदम ओढते आणि सरळ दगडात घुसते, तिथे तुमच्या रिळाचा ब्रेक, म्हणजे ड्रॅग, सैल असला की खेळ खलास. हे सगळं सकाळी दहा-अकरापर्यंत, नंतर वायव्येचा वारा सुटला की लाइनला नुसती फुग येते, मग घरी जाऊन आंबे खाल्लेले बरे.

पण मुळात मासा खातो तो पाण्यावर. पाणी थांबलं की त्याचं तोंड बंद, आणि सुकती संपून भरती लागली की तो हलायला लागतो. गडबड नेमकी इथेच होते. पुनवेला आणि अवसेला आमच्याकडे दुपारच्या आधी साधारण अकरा-साडेअकराच्या सुमारास भरती पुरी होते, म्हणजे संध्याकाळी पाच-साडेपाचला पाणी पार खाली. सूर्यास्ताच्या आधीची वेळ, ऊन उतरलेलं, एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडलेले, माणसं चप्पल घालून आरामात चालत शेवटच्या खडकापर्यंत जातात, आणि मासा पण तेव्हाच लागायला सुरुवात होते त्यामुळे मागे वळून कोणी बघत नाही. पहिल्या तासात पाणी फारसं चढत नाही त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या-चौथ्या तासात मात्र एकूण भरतीतलं निम्मं पाणी येतं, तोवर अंधार झालेला असतो. बरं, तुम्ही उभे आहात तो खडक कोरडाच दिसतो, भरते ती मधली घळ, म्हणजे परतीची वाट.

मागच्या पुनवेला एक कुटुंब असंच अडकलं. मुलगी सात-आठ वर्षांची, हातात बादली, बादलीत दोन मुडदुश्या, आणि ती ती बादली सोडायला तयार नाही. आम्ही चौघांनी घळीत उभं राहून हाताला हात धरून त्यांना एकेक करून अलीकडे घेतलं, पाणी मांडीपर्यंत होतं पण शेवाळावर पाय ठरत नव्हता, त्यात लाट आली की सगळे हेलपाटायचे. अलीकडे आल्यावर वडील म्हणाले, पाणी एकदम अचानक आलं हो. अचानक कुठलं, पंचांगात लिहिलेलं होतं!

आमच्याकडचे जुने लोक तिथीला पाऊणने गुणतात, अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, थोडं इकडेतिकडे. पण पुण्या-कोल्हापूरहून आलेल्या माणसाला आज तिथी कुठली हे कुठे माहीत असतं आणि त्याला ते माहीत असावं अशी अपेक्षा तरी कशाला ठेवायची. मुंबईत पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस आपणच चौकट करून छापता ना, मग आमच्याकडचं उधाण उन्हाळ्यात छापायला काय हरकत आहे, आमच्याकडे पाणी तेवढं चढत नाही पण माणूस अडकायला तेवढं चढावंच लागतं असं नाही.

अजून एक, हे तिथीवरून पण कळत नाही. मे महिन्यात कधी कधी आभाळ स्वच्छ, वारा नाही, आणि तरी मोठमोठ्या लाटा येऊन खडकावर फुटतात, कारण वादळ झालेलं असतं हजारो किलोमीटर दूर दक्षिण हिंदी महासागरात आणि तिथून निघालेला फुगवटा इथे पोचतो. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था त्याचा आधी इशारा देते, २०२४ च्या मेच्या सुरुवातीलाही दिला होता. असला इशारा आमच्या ग्रुपवर फिरतो, पण हॉटेलात उतरलेला माणूस काय आमच्या ग्रुपवर नसतो.

आणि फोटोंचं म्हणाल तर बोटभर पिल्लांची माळ धरून हसणाऱ्यांचे फोटो प्लीज बंद करा. सरकारने २०२३ मधे ५४ जातींच्या माशांचा किमान आकार ठरवून दिलाय, पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, आता पापलेट काही आमच्या गळाला लागत नाही ते सोडा, पण लहान मासा पाण्यात परत टाकायची सवय लागली तर काय बिघडलं. मोठ्या जिताड्याचं तर उलटंच आहे, तो आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे मेअखेर खाडीच्या तोंडावर जो राक्षस लागतो तो बहुतेक पावसात अंडी टाकायला निघालेली मादी. मी सोडतो. घरी शिव्या खातो, पण सोडतो.

१ जूनपासून यांत्रिक बोटींना ३१ जुलैपर्यंत बंदी लागेल आणि समुद्र पण तोवर खवळेल, म्हणजे जे काही करायचं ते आत्ताच. तापमानाच्या चौकटीत दोन ओळींची जागा पुरेल, दोन भरती, दोन ओहोटी आणि इन्कॉइसचा इशारा असला तर तो. फक्त मुंबईची वेळ उचलून सगळ्या कोकणाला चिकटवू नका, अलिबाग, रत्नागिरी, मालवण, प्रत्येकाची वेळ वेगळी असते.

आपला,
एक गरवणारा वाचक, रत्नागिरी