‘साल’चं बटण दाबलं की ‘शाल’ ऐकू येतं

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: बोलक्या बोर्डातील सदोष आवाजाबाबत तक्रार

महोदय,

मी ठाण्यात नौपाड्याला स्पीच थेरपिस्ट आहे. कानाला मशीन लावणाऱ्या मुलांच्या सरावासाठी १४ मे रोजी आपला बारा बटणांचा, बटण दाबलं की भरलेला शब्द बोलणारा बोर्ड ३,८०० रुपयांना घेतला.

पहिल्याच आठवड्यात पाच वर्षांच्या एका मुलीपुढे झाडाच्या सालीचं आणि शालीचं अशी दोन चित्रं ठेवली. ‘साल’चं बटण दाबलं, तिने शालीवर बोट ठेवलं. पुन्हा दाबलं, पुन्हा शाल. मी तोंडाने म्हटलं तेव्हा मात्र तिने लगेच सालीचं चित्र उचललं. मग बोर्ड कानाशी धरला, तर मलाही ‘शाल’च ऐकू आलं. त्या पोरीला मी चार दिवस उगाच चुकीचं ठरवत होते, याचं फार वाईट वाटतं.

खोक्यावर १६ किलोहर्ट्‌झ असं छापलं आहे, म्हणजे आवाजाचे सेकंदाला १६,००० नमुने (मोजमापं) वाजायला हवेत. माझा भाचा इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. त्याने ६,००० हर्ट्‌झची शिट्टी बोर्डाच्या मेमरी कार्डवर भरून वाजवली, ती २,००० ची होऊन बाहेर आली. म्हणजे आपला प्रोग्रॅम एकाआड एक नमुना गाळून ८ किलोहर्ट्‌झने वाजवतो, तेही आधी उंच आवाज अडवणारा फिल्टर न लावता. त्यात निम्म्याच्या, म्हणजे ४ किलोहर्ट्‌झच्या वरचं काही नीट उरत नाही, आणि ‘स’चा जीव तिथेच असतो.

फोनवर आपल्या माणसाने मेमरी कमी असल्याचं सांगितलं. आतल्या एटीमेगा ३२८पी चिपमध्ये ३२ केबीच जागा आहे हे खरं. ८ किलोहर्ट्‌झचा ८ बिटी (एका नमुन्याला एक बाइट) आवाज त्यात जेमतेम ४ सेकंद मावेल. पण इथे आवाज मेमरी कार्डवर असतो, मग ही सबब कशी चालेल?

शिवाय प्रत्येक शब्दाआधी ‘टक्’ वाजतं, कारण आउटपुट शून्यावरून एकदम मधल्या पातळीवर उडी घेतं. मोठ्यांना ते किरकोळ वाटेल. पण ‘ट’ हे व्यंजनही अशाच क्षणभर फुटणाऱ्या आवाजावरून ओळखू येतं. एक मुलगा त्यामुळे ‘आई’ला ‘टाई’ म्हणू लागला आहे, आणि ते मोडायला मला आता वेगळे तास द्यावे लागत आहेत.

१५ दिवसांत छापल्याप्रमाणे १६ किलोहर्ट्‌झने, ‘टक्’ न करता वाजवणारा प्रोग्रॅम द्यावा, नाहीतर पूर्ण पैसे परत करावेत. तसं न झाल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपली,
(सही)
नौपाडा, ठाणे (प.)

सोबत: बिलाची प्रत, खोक्याचा फोटो, दोन्ही आवाजांचं रेकॉर्डिंग