डिचोलीवर ४५१ वर्षे पोर्तुगीज नव्हते

संपादक महोदय,

माझा नातू पाचवीत आहे. गोवा मुक्तिदिनाच्या भाषणात त्याने लिहिले होते, ‘आमच्या डिचोलीवर पोर्तुगीजांनी सुमारे १८० वर्षे राज्य केले.’ वही परत आली तेव्हा १८० वर तांबड्या पेनाची काट आणि बाजूला ४५१. पोर मला विचारते, ‘आजी, तू चुकीचं सांगितलंस?’ मी स्वतः तेहतीस वर्षे शिकवले आहे. म्हणूनच तो आकडा मनाला फार लागला.

१५१० साली पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने आदिलशहाकडून घेतले ते गोवा शहर आणि तिसवाडी. १५४३ ला बार्देस आणि साष्टी गेली. मुरगाव तेव्हा साष्टीतच होते. या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेला मुलूख. फोंडा गेला तो १७६३ ला. डिचोली, सत्तरी सावंतवाडीकर भोसल्यांच्या हातून १७८० च्या सुमारास गेल्या आणि पेडणे १७८८ ला. या नव्या काबिजादी. पेडणेकरांच्या वाट्याला १९६१ च्या मुक्तीपर्यंत परका अंमल आला १७३ वर्षे. ‘साडेचारशे वर्षे’ हा आकडा खरा आहे, पण तो अख्ख्या गोव्याचा नाही.

नातवाला मी तोंडी समजावत बसले नाही. तिसवाडीतल्या दिवाडी बेटावर नेले आणि तिथून फेरीबोटीने आमच्या डिचोलीतल्या नार्वेला. सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडीचा. पोर्तुगीजांनी देऊळ पाडले, तेव्हा लिंग नदीपार नार्वेला आणून बसवले. बोट सुटल्यापासून धक्क्याला लागेपर्यंत पोराचा बिस्किटांचा पुडासुद्धा संपला नाही. एवढ्याशा पाण्यावर तेव्हा एक राज्य संपत होते! देवळाच्या दारावरचा शिलालेख त्याने एकेक अक्षर लावत वाचला. शके १५९०, आणि शिवाजी महाराजांच्या आज्ञेने बांधकामाला प्रारंभ. शकात ७८ मिळवायचे हे त्याला ठाऊक होते. ‘म्हणजे १६६८,’ तो म्हणाला, ‘इथे पोर्तुगीज असते तर महाराजांना देऊळ बांधू दिलं असतं?’

हाच प्रश्न मंगेशीला, कवळ्याला, म्हार्दोळलाही विचारता येतो. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा जुवारी नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या मुलखात का आली? कारण पलीकडे पोर्तुगीजांचा हुकूम चालत नव्हता. फोंड्यावर तेव्हा आदिलशाही होती. हे सांगताना काहींची जीभ अडखळते, पण देव वाचले ते त्या मुलखात, हे लपवून कसे चालेल? सगळाच गोवा १५१० पासून फिरंग्यांचा होता असे शिकवले, तर रातोरात देव होडीत घालून निघालेल्या माणसांच्या त्या धडपडीला अर्थच उरत नाही.

एका सहकारी शिक्षिकेने मला विचारले, ‘वर्षे कमी सांगितली तर जुलूम कमी नाही का वाटणार?’ मला वाटते, उलटेच आहे. १५८३ ला कुंकळ्ळीत गावकऱ्यांनी शस्त्र उचलले ते साष्टीत. १५६० ला सुरू झालेले इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, मधली थोडी वर्षे सोडता १८१२ पर्यंत चालले, आणि त्याचा वरवंटा फिरला तो प्रामुख्याने जुन्या काबिजादींवर. नव्या काबिजादी घेताना इथल्या देवळांना, रूढींना हात न लावण्याचे वचन त्या सरकारला द्यावे लागले होते. बार्देस-साष्टीच्या लोकांनी जे भोगले ते आपल्याही नावावर मांडून घेणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. आणि सत्तरीच्या राणे घराण्याची बंडे, १८५२ चे दीपाजी राण्यांचे बंड तर ठळकच, ती ‘४५१’ च्या घोषणेत कुठे ऐकूच येत नाहीत.

शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. येत्या १९ डिसेंबरला भाषणे बसवताना आधी मुलाला त्याचा तालुका विचारा, फळ्यावर १५१०, १५४३, १७६३, १७८० (सुमारे) आणि १७८८ ही साले लिहा आणि १९६१ मधून वजाबाकी त्यालाच करू द्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, डिचोली