बेनाखीच्या डोंगरावरून वसूला

ॲबर्डीन, स्कॉटलंड,
२६ ऑगस्ट

प्रिय वसू,

"तिथला हेदरनं जांभळा झालेला डोंगर आपल्या कारवीसारखा दिसतो का गं?" असं तू विचारलंस त्याला दोन आठवडे झाले. फोनवर सहज 'हो' म्हणून टाकता आलं असतं, पण डोंगर स्वतः बघितल्याशिवाय तुला उत्तर द्यायचं नव्हतं. काल बघितला. आज रेणू कामावर गेलीय, बाहेर बारीक पाऊस लागलाय, म्हणून सकाळचा चहा झाल्या झाल्या लिहायला बसले.

डोंगराचं नाव बेनाखी. ॲबर्डीनपासून पस्तीसेक किलोमीटर, वायव्येला. रेणूनं गाडीनं नेलं. उंचीचं म्हणशील तर आपल्याला काहीच नाही. सगळ्यात उंच टोक ५२८ मीटर, आणि लोक ज्याच्यावर जीव टाकतात तो 'मिदर टॅप', म्हणजे आईचा माथा, त्याहून दहा मीटरनं कमीच. पण भोवती सगळी सपाट शेतं, त्यामुळं तो मैलोन् मैल दिसत राहतो. गेलिक भाषेतल्या मूळ नावाचा अर्थ 'स्तनाचा डोंगर' असा सांगतात, आणि पूर्वेकडून येताना तो तसाच दिसतो. आईचा माथा हे नाव मला त्या अर्थाला धरूनच वाटलं.

पहिला अर्धा तास पाइनच्या रानातून वाट जाते. खाली सुयांचा थर, पावलांचा आवाज होत नाही. मग एकदम झाडं संपतात आणि समोर तो रंग येतो. वसू, मी उभीच राहिले. लांबून तो जांभळा वाटतो, पण जवळ गेलं की त्यात गुलाबी निघतो, करडा निघतो, मधूनच गंजासारखा तपकिरी. ढगाची सावली सरकली की अख्खा उतार काळपट होतो, आणि ऊन आलं की पुन्हा पेटतो. त्यात वारा. इथला वारा आपल्या कोकणकड्यावरच्या वाऱ्यासारखा अंगावर धावून येत नाही, तो दिवसभर एकाच जोरानं वाहत राहतो. कानटोपी ऑगस्टमध्येही लागली.

आता तुझं उत्तर. तू असतीस तर माथ्याकडं न बघता आधी खाली बसली असतीस, म्हणून मीही तेच केलं. विमानतळावर तू हातात कोंबलेलं भिंग काढलं आणि वाटेकडेला बसले. रेणू पुढं गेली होती, ती परत आली आणि न बोलता शेजारी बसली.

हेदर म्हणून जे एक झुडूप आपण समजतो, ती तीन निघाली. डोंगरभर पसरलेलं असतं ते 'लिंग हेदर', कॅलुना व्हल्गॅरिस. गुडघ्याएवढं, खोड जून झालं की पक्कं लाकूड, पानं इतकी बारीक की एकमेकांवर कौलं रचावीत तशी फांदीला चिकटलेली. दुसरं 'बेल हेदर', एरिका प्रजातीतलं. ते जुलैतच फुलायला लागतं, रंग गडद, फुलं छोट्या घंटांसारखी, सुईसारखी पानं तिनाच्या झुबक्यात. तिसरं ओलसर जागेत, जिथं पाय ठेवला की पाणी पचकन वर येतं तिथं. त्याची पानं चार-चार, वरून पाहिलं तर फुलीसारखी, आणि टोकाला फिकट गुलाबी घोस मान खाली घालून.

पण भिंगातून मला जे दिसलं ते तुलाच सांगायचंय, कारण दुसऱ्या कोणाला त्याचं इतकं अप्रूप वाटणार नाही. लिंग हेदरचा जो रंग दिसतो, तो पाकळ्यांचा नाहीच मुळी! बाहेरची निदलंच रंगीत आहेत, पाकळ्यांपेक्षा लांब, कागदासारखी कोरडी. पाकळ्या बिचाऱ्या आत लपलेल्या. म्हणून फूल वाळलं तरी गळत नाही. हिवाळाभर ते तसंच फांदीवर राहतं, नुसता रंग जातो.

तर वसू, कारवीसारखं नाही. कारवी सात वर्षं वाट बघते, एकदाच सगळी पुंजी उधळते आणि मरते. मग बोंडं तडतडतात, बी उडतं आणि पुढल्या सात वर्षांची मोजणी सुरू होते. हेदर दरवर्षी फुलतं. एकेक झुडूप तीस-चाळीस वर्षं जगतं आणि प्रत्येक ऑगस्टला फुलतं. आपण कारवीचा बहर तीनदा एकत्र बघितला आणि प्रत्येक वेळी परतताना हिशेब केला, पुढच्या वेळी आपण केवढ्या असू. तो हिशेब करायची इथल्या लोकांना गरज पडत नसेल. मला मात्र काल कारवीचीच जास्त आठवण झाली.

एक गोष्ट सारखी आहे. जमीन. खाली ग्रॅनाइट, वर आम्ल, निकस, भिजलेली माती, जिथं दुसरं फारसं काही तगत नाही. हेदरच्या मुळांत एक बुरशी राहते, ती त्याला त्या दरिद्री मातीतून अन्न मिळवून देते. कासच्या कातळावर तू मला हेच शिकवलं होतंस, की जिथं माती सगळ्यात गरीब, तिथं फुलं सगळ्यात श्रीमंत.

आणि हा देखावा नुसता निसर्गाचा नाही हेही तुला कळायला हवं. स्कॉटलंडातल्या बऱ्याच हेदरच्या माळांवर एके काळी झाडं होती. माणसानं ती तोडली, जाळली, जनावरं चारली, आणि मग हेदरचं राज्य आलं. आजही पुष्कळ ठिकाणी ते पट्ट्यापट्ट्यानं मुद्दाम जाळतात, म्हणजे कोवळे कोंब फुटतात आणि ते खायला ग्राऊझ नावाचा, आपल्या तित्तिराच्या गोतातला पक्षी वाढतो. पुढं १२ ऑगस्टपासून त्याचीच शिकार. हे मला पटलं नाही, मी रेणूशी वाद घातला. काल एक ग्राऊझ अगदी पायाखालून फडफडत उठला आणि खरखरत्या आवाजात ओरडत उतारापलीकडं गेला. तो असाच उडत राहावा असं मला मनापासून वाटलं.

वर चढताना शेवटचा टप्पा दगडी पायऱ्यांचा आहे. माथ्याभोवती गुलाबी ग्रॅनाइटची तटबंदी, बरीच ढासळलेली, पण आत शिरायची वाट अजून ओळखू येते. पिक्ट लोकांचा, म्हणजे स्कॉटलंडातल्या प्राचीन रहिवाशांचा हा किल्ला, साधारण तेराशे वर्षांपूर्वीचा. चुना नाही, काही नाही, नुसता दगडावर दगड. तटाच्या आत शिरल्यावर माझा हात आपोआप दगडाला लागला. तू हसशील, पण गडाच्या दारातून आत जाताना आपण नेहमी तसंच करायचो ना? माथ्यावरून खाली पिवळी पडलेली बार्लीची शेतं, आणि पूर्वेला क्षितिजावर समुद्राची एक करडी रेघ.

उतरताना मात्र मन वेगळ्याच ठिकाणी अडकलं. पायथ्याच्या रानात पडक्या घरांचे चौथरे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा डोंगर कोणा एकाचा नव्हता, सगळ्यांचा होता. तेव्हा भूमिहीन माणसं इथं येऊन राहिली. दगड फोडायची, गडगे रचायची, विणकाम करायची, खडकाळ उतारावर वितभर शेत काढायची. १८५९ साली आजूबाजूच्या जमीनदारांनी डोंगर आपापसांत वाटून घेतला. स्वतः साफ केलेल्या जमिनीवर या लोकांना खंड द्यावा लागला, आणि नंतर पुष्कळांना घर सोडावं लागलं. त्या वस्तीतला अखेरचा माणूस १९३९ मध्ये तिथंच म्हातारा होऊन वारला. आता चौथऱ्यांतून झाडं उगवलीत आणि गडग्यांवर शेवाळ चढलंय. मी एका उंबऱ्याच्या दगडावर बराच वेळ बसले. कोकणात तुझ्या आजोळी परड्याला असाच गडगा होता, चुन्याशिवाय रचलेला. रचणाऱ्याचा हात दगडावरून कळतो, असं तुझे आजोबा म्हणायचे. इथलाही हात चांगला होता.

आज त्याच डोंगरावर कोणीही चालू शकतं. २००३ च्या कायद्यानं स्कॉटलंडात बहुतेक सगळ्या जमिनीवर, खाजगी असली तरी, नीट वागून पायी फिरायचा हक्क दिलाय. फाटक जसं असेल तसं ठेवायचं, पिकात शिरायचं नाही, एवढंच. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. त्या घरांतल्या लोकांना ती दीडशे वर्षं आधी मिळायला हवी होती.

वाटेत ब्लेबेरीची झुडपं होती, हेदरच्या आडोशानं. हंगाम सरत आलेला, मूठभरच मिळाली. खाल्ली आणि रेणूनं जीभ दाखवली, जांभळी! करवंदं खाऊन एसटीत बसायचो तेव्हा तुझी अशी व्हायची. आणि पायथ्याजवळ एका कडेला मधमाश्यांच्या पेट्या मांडलेल्या. फुलोऱ्याच्या दिवसांत मधपाळ पेट्या उचलून हेदरपाशी आणून ठेवतात. तो मध बाटलीत जेलीसारखा घट्ट बसतो, ढवळला की पातळ होतो, ठेवला की पुन्हा थिजतो. चवीला किंचित कडवट. कारवीच्या मधाशेजारी ठेवून तू तो चाखावास, म्हणून एक बाटली बांधून ठेवली आहे.

हेदरची फांदी मात्र पाठवत नाही. तोडलीच नाही.

गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते नीट लिही, 'बरं आहे' एवढ्यावर भागवू नकोस. व्यायाम करतेस का? जिना चढताना कोणता पाय आधी टाकतेस तेही लिही. मी १० ऑक्टोबरला पोचते. भिंग माझ्या स्वेटरच्या खिशात आहे, त्याच्या कडेला हेदरचा एक वाळका कण अडकलाय, तो तसाच ठेवला आहे.

तुझी,
शैला